पन्नास दिवसांत गमावलेला गोलरक्षक

मंगळवार, १७ ऑक्टोबर १९९५. उरले ५० दिवस.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे अध्यक्ष रोनाल्ड कोरी यांनी जनरल मॅनेजर सर्ज सावार आणि प्रशिक्षक जाक देमेर या दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं. आइस हॉकीत जनरल मॅनेजर हा संघाचा कर्ता माणूस. खेळाडू घेणं-देणं, करार, प्रशिक्षकाची नेमणूक, सगळं त्याच्या हाती. सावार १९८३ पासून या पदावर होते आणि १९८६ व १९९३ असे दोन स्टॅनले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, त्यांच्या काळात आले. मात्र आदल्या मोसमात संघ २५ वर्षांत पहिल्यांदाच प्लेऑफबाहेर राहिला आणि नवा मोसमही पराभवांनीच उघडला. कोरींचा धीर सुटला.

मोसम सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. अशा वेळी इतर संघांतली जाणती माणसं करारात बांधलेली असतात. शिवाय मॉन्ट्रियलला फ्रेंच बोलणाराच माणूस लागतो. वारस ठरवल्याशिवाय खुर्ची रिकामी केली, हीच पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक.

शनिवार, २१ ऑक्टोबर. उरले ४६ दिवस.

चार दिवसांत माणूस ठरला: रेजाँ ऊल. याच संघाकडून खेळताना पाच कप जिंकलेला, लोकांचा आवडता. निवृत्तीनंतर तो संघाची मालक असलेल्या मोल्सन ब्रुअरीत नोकरीला होता. हॉकी संघ चालवण्याचा अनुभव शून्य. प्रशिक्षक म्हणून आला मारिओ त्रांब्ले, तोही जुना खेळाडू आणि अलीकडे समालोचक. प्रशिक्षणाचा अनुभव त्यालाही नव्हता. नवख्या प्रशिक्षकाला मुरलेला जनरल मॅनेजर सांभाळून घेतो, नवख्या जनरल मॅनेजरला मुरलेला प्रशिक्षक. इथे सांभाळणारं कोणीच उरलं नाही.

शिवाय त्रांब्ले आणि गोलरक्षक पॅट्रिक रुवा यांचं आधीपासूनच पटत नव्हतं. रुवा तीस वर्षांचा. ज्या दोन कपांचा वर उल्लेख आला, त्या दोन्ही वेळी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

सुरुवातीला संघ जिंकू लागला आणि नेमणूक योग्यच वाटू लागली.

शनिवार, २ डिसेंबर, संध्याकाळ. उरले ४ दिवस.

मॉन्ट्रियल फोरम, समोर डेट्रॉइट रेड विंग्ज. त्यांचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन. हे नाव इथे महत्त्वाचं आहे. सत्तरच्या दशकात बोमननी मॉन्ट्रियलला पाच कप मिळवून दिले. १९७८ मध्ये जनरल मॅनेजर सॅम पोलॉक निवृत्त झाले तेव्हा बोमनना ते पद हवं होतं. पद दिलं गेलं आयर्व्हिंग ग्रंडमन यांना, आणि पुढच्याच वर्षी बोमन संघ सोडून गेले. म्हणजे हीच खुर्ची भरताना हा संघ पूर्वीही चुकला होता. ऊल आणि त्रांब्ले दोघेही बोमनच्या हाताखाली खेळलेले.

पहिलं सत्र संपलं.

रुवाच्या मागे पाच गोल. सहसा इथेच गोलरक्षक बदलतात. त्यात त्याचा अपमान नसतो, ती रीतच आहे. त्रांब्लेनी बदलला नाही.

दुसरं सत्र.

सहावा, सातवा, आठवा. मध्येच एक साधा फटका रुवाने अडवला आणि प्रेक्षकांनी खिजवून टाळ्या वाजवल्या. ज्या फोरमने त्याला डोक्यावर घेतलं होतं तिथेच हे घडलं. रुवाने दोन्ही हात वर करून त्या टाळ्या स्वीकारल्या. मग नववा गोल. २६ फटक्यांत नऊ. तेव्हा कुठे त्याला बाहेर बोलावलं.

पुढचा मिनिटभर सगळा कॅनडा टीव्हीवर पाहत होता. हाताची घडी घालून उभ्या त्रांब्लेंसमोरून रुवा गेला. बाकाच्या मागेच पहिल्या रांगेत कोरी बसले होते. त्यांच्याकडे झुकून त्याने सांगितलं की मॉन्ट्रियलसाठी हा आपला शेवटचा सामना. परत येताना त्याने त्रांब्लेंवर नजर रोखली आणि तो बाकावर जाऊन बसला. सामना ११-१ असा गेला.

रविवार, ३ डिसेंबर. उरले ३ दिवस.

जनरल मॅनेजरची कसोटी लागते ती अशा सकाळी. रुवा आणि त्रांब्ले दोघांना वेगवेगळं बसवायचं, आठवडाभर कोणालाच काही बोलू द्यायचं नाही, राग ओसरू द्यायचा. हे पुस्तकातून शिकता येत नाही, वर्षानुवर्षं त्या खुर्चीत बसूनच अंगवळणी पडतं. इथे मात्र संघाने रुवाला निलंबित केलं आणि तो आता जाणार हे जगजाहीर झालं. विकणारा घाईला आला आहे हे कळल्यावर बाजारात भाव कोण देतो?

सोमवार, ४ डिसेंबर. उरले २ दिवस.

रुवाने चाहत्यांसमोर हात उंचावल्याबद्दल माफी मागितली. पण आता परतीची वाट नव्हती.

बुधवार, ६ डिसेंबर.

रुवा आणि कर्णधार माइक कीन कोलोरॅडो अॅव्हलांचकडे गेले. बदल्यात आले जोसलँ तिबो, मार्टिन रुचिन्स्की आणि आंद्रे कोवालेंको. कोलोरॅडोचे जनरल मॅनेजर पिएर लाक्रुवा हे पूर्वी खुद्द रुवाचेच एजंट. रुवाला काय बोचतं, काय फुलवतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला दीड महिन्याचा अनुभव असलेले ऊल. हा कोलोरॅडो संघ त्याच उन्हाळ्यापर्यंत क्युबेकचा नॉर्डिक्स होता, मॉन्ट्रियलचा हाडवैरी. तो क्युबेकमध्येच राहिला असता तर रुवाला त्यांच्या हवाली करायची कोणाची छाती झाली नसती.

१० जून १९९६ रोजी कोलोरॅडोने स्टॅनले कप जिंकला. अखेरचा सामना तिसऱ्या जादा सत्रापर्यंत लांबला आणि १-० असा सुटला. रुवाने ६३ फटके अडवले. कॅनेडियन्सच्या वाट्याला १९९३ नंतर कप आलेला नाही.

मला सर्वांत वाईट वाटतं ते तिबोचं. मॉन्ट्रियलमध्येच जन्मलेल्या त्या वीस वर्षांच्या मुलाला रुवाच्या जागी उभं केलं, आणि रुवा का गेला याचा जाब तिथली गर्दी पुढे रोज त्याच्याकडेच मागत राहिली.