देवाचे प्रेम आणि साष्टीची ओवी

देवाचे प्रेम माणसाच्या पुण्याईवर अवलंबून नसते. पापी माणसासाठीही तो आपला पुत्र देतो, आणि हे प्रेम सगळ्या जगासाठी आहे, ही ख्रिस्ती धर्माची मूळ शिकवण. गोव्यात ती मराठी ओवीतून सांगितली, ती एका इंग्रज जेज्वीत पाद्रीने.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या, लिपी रोमन, भाषा मराठी. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, कारण ऐकणाऱ्याच्या मनात तोच शब्द होता.

पण याच साष्टीत १५६७ साली देवळे पाडली होती. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेज्वीत मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून गावच्या गांवकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. प्रेमाला मर्यादा नाही असे शिकवणाऱ्या धर्माच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी शेजाऱ्याचा देव, आणि १६८४ च्या फर्मानाने त्याची भाषाही, प्रेमाच्या बाहेर ठेवली.

आज त्या पुराणाच्या पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. हस्तलिखिते मात्र भाविकांनी जपली, आणि त्यांवरून १९०७ साली मंगळुरात ते पुन्हा छापले. फर्मानाने जी भाषा नाकारली, तिच्यातच भाविकांना देवाचे प्रेम कळले होते. म्हणूनच ती ओवी टिकली.