रुमाल सुटल्यावर

गेल्या उन्हाळ्यात माझ्या कादंबरीची सात प्रकरणे एका संध्याकाळी नाहीशी झाली. पेनड्राइव्ह आपण कोरे असल्याचे सांगू लागला. नगरच्या एका दुकानातील तरुणाने तो वाचून तुकडे हाती ठेवले, पण कसे? नायिकेच्या आजीच्या मरणाला लागूनच सहामाही परीक्षेचे गुण!

वाचकहो, दोष त्या तरुणाचा नव्हे. साठवणीला कादंबरी ठाऊकच नसते. तिच्याजवळ असतात बहुधा ५१२ बाइटांचे क्रमांकित ठोकळे. कोणते ठोकळे, कोणत्या क्रमाने, कोणत्या नावाचे, हे निराळ्या नोंदवहीत असते. आमच्या तिसगावच्या शिवारात मातीवर कोठे गट क्रमांक लिहिला आहे? तो तलाठ्याच्या दप्तरात. माझी नोंदवही बिघडली होती. जमीन जागच्या जागी होती.

जुन्या यंत्रांचा रिवाज वेगळा होता. १९२८ साली आयबीएमने ८० रकान्यांचे छिद्रपत्र काढले, आणि 'एक पत्र म्हणजे एक नोंद' ही समजूत रुजली. १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० च्या कार्यप्रणालीलाही नोंद कळत असे. नोंदीची लांबी किती, एका ठोकळ्यात किती नोंदी, हे तिला आधी सांगावे लागे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स रचावयास घेतले, आणि हा सारा सोपस्कार मोडीत काढला. फाईल म्हणजे बाइटांची सलग ओळ, बस्स! तिच्यात नोंद कोठे संपते ते वाचणाऱ्या प्रोग्रॅमने पाहावे. शिवाय अख्खी तबकडीच एखाद्या फायलीसारखी, नोंदवहीला बगल देऊन, कच्ची वाचण्याची वाटही त्यांनी ठेवली. आमचा तरुण अशाच वाटेने शिरला होता.

मला हे मोडीसारखे वाटते. मोडीच्या ओळीत शब्द तोडलेले नसतात, तोडावयाचे वाचणाऱ्याने. पुण्याच्या पेशवे दप्तरातून सरदेसायांनी निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, ते असले कागद वाचून. पण तेथे निदान रुमाल बांधलेले होते. माझा रुमालच सुटलेला!

त्यात आपल्या लिपीची एक गंमत. संगणकाच्या आजच्या रूढ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि ५१२ ला तीनाने भाग जात नाही. म्हणून कित्येक सांध्यांवर अक्षरच चिरते व तेथे प्रश्नचिन्ह उमटते. ही चिरलेली अक्षरेच शेवटी उपयोगी पडली: एका तुकड्याच्या शेवटी दोन बाइट उरले असतील, तर तिसरा कोणाच्या आरंभी आहे ते शोधावयाचे. अशी पाच प्रकरणे जुळली. उरलेली दोन पुन्हा लिहितो आहे, शाईने, वहीत.