आई-वडिलांचा सांभाळ : कायद्याने कोणावर काय बंधन आहे?

वृद्ध आई-वडिलांना सांभाळणे हा आपल्याकडे संस्काराचा विषय समजला जातो. तो कायद्याचाही विषय आहे, हे बहुतेक कुटुंबांना घरात तंटा उभा राहिल्यावरच कळते. संसदेने २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम संमत केला आणि महाराष्ट्राने २०१० मध्ये त्याचे नियम केले. त्यापूर्वीही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली आई-वडिलांना पोटगी मागता येत असे. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात १९८७ साली दिला होता. ती तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. दोन्ही मार्ग खुले असले, तरी अर्जदाराला त्यांपैकी एकच निवडावा लागतो.

२००७ च्या कायद्यात ‘मुले’ म्हणजे सज्ञान मुलगा, मुलगी, नातू आणि नात. ‘आई-वडील’ या शब्दात दत्तक घेणारे आणि सावत्र आई-वडीलही येतात. त्यांनी वयाची साठी गाठलेली असावी अशी अट नाही. अपत्यहीन ज्येष्ठ नागरिकाची जबाबदारी, त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारसाहक्काने ज्याला मिळणार आहे, अशा सज्ञान नातेवाइकावर पडते. जबाबदारीची व्याप्ती अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार एवढी असून, वृद्धाला सामान्य जीवन जगता यावे हे तिचे माप आहे. त्यामुळे आईला घरात खोली दिली, पण तिच्या औषधांकडे पाहिले नाही, तर कर्तव्य पार पडले असे म्हणता येणार नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही हा कायदा लागू आहे.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांताच्या, अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. वृद्धाला स्वतः ते शक्य नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरणही स्वतःहून दखल घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. एकाच भावावर अर्ज झाला, तर तो इतर भावंडांना पक्षकार करून घेऊ शकतो. ‘माझ्या एकट्यावरच का?’ या नेहमीच्या प्रश्नाला कायद्याचे हे उत्तर आहे. आदेश होऊनही रक्कम दिली नाही, तर वसुलीचे वॉरंट आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मुलांकडून मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा मात्र दरमहा १०,००० रुपये आहे. २००७ साली ती पुरेशी वाटली असेल. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेला आज ती अपुरी पडते.

खरी मेख आहे ती कलम २३ मध्ये. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला वा नातवंडांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये पडते. त्यामुळे ‘आत्ताच नावावर करून टाका’ हा आग्रह घरोघरी होतो, आणि आई-वडीलही सही करून मोकळे होतात. दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची सोय कलम २३ मध्ये आहे. मालमत्ता घेणाऱ्याने मूलभूत सोयी व शारीरिक गरजा पुरवाव्यात या अटीवर हस्तांतर झाले असेल आणि त्याने ती पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. प्रश्न ‘अटीवर’ या शब्दाचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी अट नव्हती तर कलम २३ चा आधार घेता येत नाही. केवळ सांभाळ केला नाही एवढे पुरत नाही. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू लक्षात घेऊन उदार अर्थ लावला. मुलाने बक्षीसपत्राच्याच दिवशी सांभाळाचे वेगळे वचनपत्र लिहून दिले होते. ते ग्राह्य धरून आईचे बक्षीसपत्र रद्द करण्यात आले आणि मालमत्तेचा ताबा तिला परत देण्याचा आदेश झाला.

असे वचनपत्र किती घरांत कोणी लिहून घेते? म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळाची अट आणि शक्यतो हयातभर राहण्याचा हक्क त्याच दस्तात लिहावा. दस्त तयार करणाऱ्याने ‘छापील मसुदा असाच असतो’ असे सांगितले, तरी ऐकू नये. आमच्या मते त्याहून सुरक्षित मार्ग मृत्युपत्राचा आहे. ते हयातीत केव्हाही बदलता येते.

सांभाळाची जबाबदारी असलेल्या कोणीही ज्येष्ठ नागरिकाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र आहे. शासनाच्या वाट्याला आलेली भाषा मात्र सौम्य आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी किमान एक वृद्धाश्रम शासन ‘स्थापन करू शकेल’, असे कलम १९ म्हणते. ‘स्थापन करील’ असे म्हणत नाही. मुलांना सक्ती आणि सरकारला सवलत, असा हा भेद आहे.

सून आणि जावई यांनाही ‘मुले’ या व्याख्येत घेणारे आणि १०,००० रुपयांची मर्यादा काढणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. सतरावी लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित झाली आणि ते संमत न होताच बारगळले. ज्यांना अर्ज कोठे करावा हेही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा निःशुल्क राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.