काळूकाठची धूळ

कसाऱ्याची लोकल टिटवाळ्याला थांबते, तुम्ही उतरता. आज अंगारकी नाही, म्हणून देवळाच्या वाटेवर गर्दी बेताचीच. महागणपतीला हात जोडा आणि काळू नदीच्या दिशेने चालू लागा. चालता चालता टॉवर विरळ होतील, मोबाइलची रेंज जाईल, आणि तुम्ही फेब्रुवारी 2011 मध्ये येऊन पोचाल.

भात कापून मोकळं झालेलं रान. बांध सपाट करून पट्टी केलीय. आपल्याकडे बैलगाड्यांची शर्यत बिनजोड चालते: दोनच छकड्या, जोडीला जोडी. खिल्लारांची शिंगं रंगवलेली, अंगावर गुलाल. झेंडा पडतो.

"बांधावर चढा, दादा! सुटलेली छकडी कुणाची नसते!"

तुम्ही कसेबसे चढता. जमीन आधी तळपायाला कळते, आवाज मागून येतो. मग धूळ दातांखाली करकरते आणि छकड्या पार झालेल्या असतात. अंगावर काटा येतो. खोटं कशाला बोलू, हा काटा मलाही हवाहवासा आहे.

पण आता जिंकलेल्या जोडीजवळ जा. बैलाच्या बरगड्या भात्यासारख्या हलताहेत. पुठ्ठ्यावर गुलाल जरा जास्तच चिकटलाय. बोट लावून बघा, ओलं लागेल. हाकणाऱ्याच्या मुठीत आखूड पराणी आहे, तिच्या टोकाला खिळा. गर्दीत हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

11 जुलै 2011. केंद्राच्या अधिसूचनेने खेळात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल आला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंदच केल्या. त्याच गावातल्या एका गोठ्यात संध्याकाळी डोकावा. मालक घमेल्यात पेंड कालवतोय. "आता कशाला पोसतोस?" शेजारी विचारतो. मालक उत्तर देत नाही, बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत राहतो. हा हातही खराच आहे.

मालकांच्या संघटना कोर्टात उभ्या राहिल्या. पण मोटारशर्यतीत मोडलेलं इंजिन बदलता येतं. इथे जुवाखाली जीव आहे.

महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांत राहून शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. निकालाच्या दिवशी फटाके वाजले. ते वाजायलाच हवे होते. पण माझ्या मते परवानगी मिळाली ती बैल पळवायची, टोचायची नाही. आणि हे पोलिसांच्या आधी संघटनेनेच बघायला हवं.

परत या. टॉवर जागेवर आहेत, लोकलला वेळ आहे. पुढच्या बिनजोडीला याल तेव्हा सगळे बैलांकडे बघतील. तुम्ही हाकणाऱ्याच्या मुठीकडे बघा. पराणी दिसली तर तिथल्या तिथे पंचांना सांगा आणि ती छकडी बाद करायला लावा.