मु. पो., तालुका, जिल्हा आणि आजीच्या ओव्या

परवा लेकीला विचारलं, "आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग कुठे ठेवलंयस गं?" म्हणाली, "कुठे म्हणजे? लॅपटॉपवरच आहे की. सर्च कर ना, बाबा." केलं. ‘आजी’ टाकलं, ‘ओवी’ टाकलं, काही नाही. फाइलचं नाव म्हणजे नुसते आकडे होते!

तिला काय बोलणार? फोनवर वाढलेल्या मुलांना फाइल ‘कुठेतरी’ असते, एवढंच माहीत. आणि तसं बघितलं तर फोल्डरात फोल्डर ही सोयसुद्धा कॉम्प्युटरबरोबर जन्मलेली नाही. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून ‘मल्टिक्स’ बनवत होते. एकाच मशीनवर अनेक माणसं काम करणार, दोघांनी एकच नाव दिलं तर? १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी त्यासाठी झाडासारखी रचना मांडली. पुढे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समधून ती जगभर गेली.

गावाकडच्या पत्रावरचा पत्ता आठवतो ना? मु. पो., मग ता., मग जि. कॉम्प्युटर तो उलटा वाचतो: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. युनिक्समध्ये फोल्डर म्हणजे खरं तर एक यादी. नाव, आणि त्यापुढे एक क्रमांक. त्या क्रमांकावरून पुढची यादी, असं करत करत फाइल. फोल्डरात काही ‘भरलेलं’ नसतंच! म्हणून तर पाच हजार फोटोंचा फोल्डर त्याच डिस्कवर क्षणात हलतो. फोटो जागचे हलत नाहीत, नोंद बदलते.

आपल्या पीसीवर हे उशिरा आलं. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. इवल्याशा फ्लॉपीला एक यादी पुरायची. हार्ड डिस्क आली तशी १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. पण युनिक्सची तिरकी रेघ तिथे आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेली, म्हणून उलटी रेघ घेतली. विंडोजमध्ये ती अजून आहे.

रेकॉर्डिंग शेवटी डाउनलोड्समध्ये सापडलं, बिलांच्या आणि शाळेच्या फॉर्मच्या गर्दीत. मग दोघं बसलो. फोल्डर ‘आजी’, त्यात ‘ओव्या’. त्याच्या आत काय नाव द्यायचं? लेक म्हणाली, "या माहेरच्या की सासरच्या?" मला सांगता येईना. तिकडे सकाळ व्हायची वाट बघितली आणि आईला फोन लावला.