उमेदवारी आणि वशिला

‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘उमेद’ म्हणजे आशा. परंतु मराठीने त्यास आपला एक अर्थ जोडला. उमेदवारी करणे म्हणजे नुसती आशा धरून बसणे नव्हे. बिनपगारी अथवा अल्प वेतनावर दप्तरात बसावे, मोडीचे वळण सुधारावे, जमाखर्च शिकावा आणि जागा रिकामी होण्यापूर्वीच आपण उपयोगी आहोत हे दाखवून द्यावे. नोकरी कशी शोधावी, याचे उत्तर या एका शब्दात आहे असे आम्हांस वाटते.

श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचामुळे कोकण सोडून घाटावर आले, तेव्हा त्यांच्यापाशी सैन्य नव्हते की संपत्ती नव्हती. वसुलाचा हिशेब मात्र त्यांना उत्तम कळत होता. सेनापती धनाजी जाधवांच्या पदरी त्यांनी महसुलाचे काम केले, पुणे प्रांताची सरसुभेदारी सांभाळली आणि १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. धामधुमीच्या त्या काळात तलवारबहाद्दर पुष्कळ होते. विस्कळीत वसूल मार्गी लावणारे थोडे. जे काम अडले होते, तेच करण्याची विद्या त्यांच्यापाशी होती.

याउलट वरसईच्या विष्णुभट गोडश्यांची कथा. घरच्या कर्जापायी ते १८५७ साली उत्तरेस निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार व अपार दक्षिणा वाटणार, एवढ्या वार्तेवर त्यांनी घर सोडले. वाटेत बंड पेटले. झाशीच्या राणीच्या आश्रयास ते काही काळ राहिले. परंतु मिळविलेले द्रव्य लुटीत गेले आणि घरी आली ती गंगेची कावड. बंडाचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि सारी भिस्त एकाच दात्यावर आणि एकाच ऐकीव वार्तेवर ठेवणे किती धोक्याचे, हे त्यांच्या प्रवासवृत्तातून दिसते. परमुलखात त्यांना जो आसरा मिळाला, तो मुख्यतः त्यांच्या विद्येमुळेच.

मग वशिल्याला काहीच मोल नाही काय? तसेही म्हणता येत नाही. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले. त्यांचे वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. तेव्हा दार त्यांना परके नव्हते. परंतु त्यांनी आरंभ केला तो मद्रासेत हिशेबखात्यात. पुढे १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, मग महसुलाच्या कामात शिरले आणि त्यानंतर दिवाण. त्रावणकोरनंतर इंदूर आणि बडोदे या दोन संस्थानांनीही त्यांस बोलावले. तेथे वडिलांचे नाव नव्हे, त्रावणकोरातले काम बोलत होते. वशिला दाराची कडी काढतो; बैठकीत बसवतो तो गुणच.

पुढे राज्यकर्त्यांनी ती कडीही बदलली. १८५३ च्या सनदी कायद्याने मुलकी सेवेच्या नेमणुका कंपनीच्या संचालकांच्या हातून काढल्या. १८५५ साली लंडनमध्ये पहिली स्पर्धा परीक्षा झाली. १९२२ पासून ती हिंदुस्थानातही होऊ लागली आणि १९२६ साली लोकसेवा आयोग स्थापन झाला. शिफारसपत्राचे राज्य संपले नाही, पण त्याच्या तोडीस दुसरी वाट उभी राहिली.

आपल्यासारख्या परप्रांतस्थ अधिकाऱ्यांचा संबंध येथे येतो. गावाकडील मुलगा चिठ्ठी घेऊन दाराशी आला, तर त्याला साहेबांकडे नेणे सोपे. पण त्यात कोण्या लायक अपरिचिताचा हक्क बुडण्याचा संभव असतो. त्याऐवजी कोणत्या खात्यात कोणते काम अडले आहे, कोणती परीक्षा केव्हा होते, येथली भाषा कितपत यावी लागते, हे त्यास सांगावे. महिनाभर घरी ठेवून घेऊन तयारी करू द्यावी. ओळखीचा हा उपयोग निर्दोष आहे. त्याच्या हाती चिठ्ठीऐवजी माहिती दिली, तर तो आपला आश्रित न होता खऱ्या अर्थाने उमेदवार होईल.