प्रिंटर कोणाची भाषा बोलतो?

मंडळी, आजचा विषय इतिहासाचा आहे, पण किल्ल्यांचा किंवा लढायांचा नाही. ऑफिसच्या कोपऱ्यात, फायलींच्या कपाटाशेजारी जो प्रिंटर असतो ना, त्याचा आहे. लिनक्सच्या कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा प्रिंटर जोडणं हे वीस-बावीस वर्षांपूर्वी दिवसभराचं काम असायचं. आज बहुतेक वेळा दोन मिनिटांत होतं. आपल्या वऱ्हाडीत विचारायचं तर, काहून? यंत्रं सुधारली हे खरंच, पण तेवढ्यानं हे झालं नाही. यंत्रांची बोली कोणाच्या मालकीची, या प्रश्नाचं उत्तर बदललं म्हणून झालं.

आधी प्रिंटरला काय कळतं ते बघू. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पोटात रोमन अक्षरांचे साचे भरलेले असायचे. कॉम्प्युटर ६५ हा आकडा पाठवायचा, प्रिंटर 'ए' छापायचा. यात 'क' नव्हता, मग 'क्ष' आणि 'ष्ट्र' कुठून असणार? मराठी छापायचं तर अक्षराचं चित्र ठिपक्या-ठिपक्यानं पाठवावं लागे. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं, त्यातून जिस्ट हे तंत्र आलं. पुढे १९८८ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनं ते वाढवलं. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही. पण अमरावती-अकोल्यासारख्या गावांत डीटीपीच्या दुकानांत चालले ते कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली, तिथे तो फॉन्ट नसला, की लग्नपत्रिकेची नुसती खिचडी!

आता दुसरा धागा. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या एका प्रयोगशाळेला झेरॉक्सनं लेझर प्रिंटर दिला. कागद अडकायचा आणि वाट पाहणाऱ्यांना ते कळायचंच नाही. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करून 'कागद अडकलाय' असा निरोप स्क्रीनवर येईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राचा सोर्स कोड मात्र त्यांना मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण गुप्ततेचा करार केलाय म्हणून त्यानं नकार दिला. हा अनुभव स्टॉलमन यांनी पुढे अनेकदा सांगितला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नल लिहिला आणि ग्नूच्या साधनांसोबत मिळून आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते उभं राहिलं.

म्हणजे लिनक्सच्या मुळाशी प्रिंटरचंच दुखणं होतं, आणि गंमत अशी, की लिनक्सला सगळ्यात जास्त छळलं तेही प्रिंटरनंच. युनिक्सकडून एलपीडी नावाची पद्धत वारशानं आली होती. ती फाइल रांगेत लावून पुढे ढकलायची. पण प्रिंटरला शाई आहे का, दोन्ही बाजूंनी छापता येतं का, हे नीट विचारायची सोय तिच्यात नव्हती. शिवाय प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. १९८४ची अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही चांगली, जाहीर भाषा होती, पण ती समजणारे प्रिंटर महाग. स्वस्त प्रिंटरनी सगळं डोकं कॉम्प्युटरवर टाकलं.

एचपीचा लेझरजेट १०२० घ्या, आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतो. बंद करून चालू केला की त्याचा अंतर्गत प्रोग्रॅम पुसला जातो आणि कॉम्प्युटरला तो दर वेळी नव्यानं पाठवावा लागतो. भारनियमनाच्या दिवसांत याचा अर्थ काय होता ते वेगळं सांगायला नको. विंडोजवर हे काम कंपनीचा ड्रायव्हर गुपचूप करायचा. लिनक्सवाल्यांना जगभरच्या स्वयंसेवकांनी यंत्राची बोली ऐकून-ऐकून लिहिलेला ड्रायव्हर शोधावा लागायचा.

वळण आलं १९९९ मध्ये. त्या वर्षी इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, जाहीर झाला. त्याच वर्षी मायकेल स्वीट यांचं कप्स हे सॉफ्टवेअर बाहेर आलं. २००२ मध्ये अ‍ॅपलनं ते आपल्या मॅकमध्ये घेतलं. २०१० मध्ये फोनवरून छापायला एअरप्रिंट आलं, तेही आयपीपीवरच उभं. आता प्रिंटर कंपन्यांना फोनवाल्या गिऱ्हाइकांसाठी सामायिक बोली शिकणं भागच पडलं. २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुलं मानक ठरलं. फोनसाठी खोदलेल्या विहिरीचं पाणी लिनक्सलाही मिळालं.

म्हणून आज काय करायचं? प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर ठेवायचे. राउटरमध्ये प्रिंटरला कायमचा पत्ता द्यायचा. सेटिंग्जमध्ये प्रिंटर बहुधा आपोआप दिसतो. नाही दिसला, तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ६३१ उघडायचं आणि प्रिंटरचा पत्ता हातानं टाकायचा. पाहुण्यांच्या वायफायवर प्रिंटर अडकला असेल तर तो दिसणार नाही, हे आधी तपासा. आणि ६३१ हे दार बाहेरच्या इंटरनेटला उघडं ठेवू नका. २०२४ मध्ये कप्सच्या जोडीच्या एका प्रोग्रॅममध्ये गंभीर त्रुटी सापडल्या होत्या.

आणि मराठी? आता 'महाराष्ट्र' या शब्दातलं जोडाक्षर प्रिंटर जुळवत नाही. छापखान्यातला जुळारी खिळे जुळवायचा, तसं ते कॉम्प्युटर युनिकोड फॉन्टमधून जुळवतो आणि तयार पान पाठवतो. प्रिंटर कुठल्याही देशात बनलेला असो, त्याला देवनागरी येत नसली तरी अडत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. कप्सच्या पुढच्या पिढीतून जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकायचं ठरलं आहे. जुन्या यंत्रांसाठी 'प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन' नावाचे दुभाषे लिहिले जाताहेत. ते एका बाजूला जुनी बोली बोलतात, दुसऱ्या बाजूला आयपीपी. हे काम मोठ्या कंपन्या आपणहून करतीलच असं नाही. गावातल्या शाळेतला, ग्रामपंचायतीतला धडधाकट प्रिंटर भंगारात जाणार की अजून दहा वर्षं चालणार, ते या दुभाष्यांवर ठरेल. एक सोपा मार्ग आजही आहे: जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका, यूएसबीचा प्रिंटर त्याला जोडा, कप्समध्ये शेअरिंग सुरू करा. अख्ख्या ऑफिसला, फोनलासुद्धा, तो नेटवर्कचा प्रिंटर होतो.

तेव्हा पुढच्या वेळी प्रिंटर घेताना दुकानदाराला किमतीच्या आधी एक प्रश्न विचारा: हा आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट समजतो का? जो प्रिंटर सगळ्यांची बोली बोलतो, तो कंपनीनं हात झटकले तरी आपल्याकडे चालत राहतो.